पत आणि पती

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे होतो. एक दिवस दुपारी सूनबाईंनी टपालपेटीतून पत्रांचा गठ्ठा आणला. त्यातलं एक पाकीट फोडलं, वाचलं, आणि काही न बोलता फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकलं. चहा करताना माझी नजर गेली. बँकेचं पत्र होतं. आपल्या क्रेडिट कार्डाच्या अर्जाला मान्यता देता येत नाही, असं अगदी नम्रपणे लिहिलेलं आणि खाली कारणं दिलेली. उत्पन्न अपुरं. पतीचा, म्हणजे क्रेडिटचा, इतिहास अपुरा. खाती अलीकडेच उघडलेली.

मी म्हटलं, "अगं, तुला कशाला हवंय कार्ड? ह्याच्याकडे पाच-सहा आहेत की!"

ती म्हणाली, "आई, म्हणूनच!"

मग मला सगळा प्रकार कळला. तिकडे कार्डांवर साइन-अप बोनस म्हणून एक प्रकरण असतं. नवीन कार्ड घ्यायचं, पहिल्या तीन महिन्यांत ठरलेला खर्च त्यावर करायचा (ह्या कार्डाला तीन हजार डॉलर होता), की बक्षीस म्हणून हजारो पॉइंट खात्यात जमा होतात. त्या पॉइंटांवर विमानाची तिकिटं निघतात. आमच्या चिरंजीवांनी आमचं पुढच्या वर्षीचं तिकीट असं काढायचा घाट घातला होता. पण ह्याच कार्डाचा बोनस त्याने मागे एकदा घेतलेला, आणि बँक तो पुन्हा द्यायला तयार नव्हती. म्हणून बायकोच्या नावाने अर्ज. तर बायकोला नकार.

आता सूनबाईंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पुण्यात तिने सहा वर्षं नोकरी केली. स्वतःच्या नावावर गृहकर्ज घेतलं, एकही हप्ता चुकवला नाही. सिबिलचा स्कोअर उत्तम. लग्नानंतर ती नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत गेली. अशा बायकांपैकी काहींना २०१५ पासून तिथे नोकरीचा परवाना मिळू लागला, तसा तिलाही नुकताच मिळाला होता, पण नोकरी अजून लागायची होती. थोडक्यात, तिचा सोशल सिक्युरिटी नंबर जेमतेम चार महिन्यांचा. तिकडच्या कागदांच्या दृष्टीने ती चार महिन्यांचं बाळच म्हणा ना! पुण्याचे ते सगळे हप्ते समुद्रापलीकडे राहिले.

अर्जात उत्पन्नाच्या रकान्यात तिने शून्य लिहिलं होतं. मी विचारलं, शून्य का? म्हणाली, "मला पगार नाही, तर दुसरं काय लिहिणार?"

ते शून्य मला फार लागलं. का, ते सांगते.

१९७९ साली माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. मी तेव्हा माध्यमिक शाळेत सहा-सात वर्षं शिकवत होते. मी एका पतसंस्थेची सभासद होते, दर महिन्याला पगारातून वर्गणी कापली जायची. दीड हजार रुपये कर्जाचा अर्ज केला. दोन जामीनदार शाळेतलेच मिळाले. चिटणिसांनी अर्ज चाळला आणि परत माझ्याकडे सरकवला. "बाई, मिस्टरांची सही राहिली." मी म्हटलं, कर्ज माझ्या पगारावर आहे, कपात माझ्या पगारातून होणार. ते हसून म्हणाले, "तरी असू द्या, आपली एक पद्धत आहे." ह्यांनी सही लगेच केली, एक शब्दही विचारला नाही. पण माझ्या वडिलांच्या डोळ्यासाठी, माझ्या पगारावर, मला ती मागावी लागली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी मैत्रिणीला म्हटलं होतं, पत हवी तर आधी पती हवा! आम्ही दोघी खूप हसलो. हसण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

असो. तर फ्रिजवरच्या त्या पत्रातली कारणं आली कुठून, याचा मी त्या सुट्टीत नाद घेतला. एडिसनच्या ग्रंथालयात पुस्तकं होती, मुलाचा लॅपटॉप होता, आणि दुपारी मला दुसरा उद्योग नव्हता. (उभी हयात इतिहास शिकवण्यात गेली. मागे गेल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.)

अमेरिकेत १८३७ साली मोठी मंदी आली. न्यूयॉर्कमध्ये आर्थर आणि लुईस टॅपन या भावांची रेशमाची मोठी पेढी होती, तीही त्यात बुडाली. माल उधारीवर दिला होता आणि उधारी वसूल होईना. आपल्याकडे वाण्याच्या वहीत नाव असलं तरी वाणी माणसाला ओळखत असतो. त्याचं घर माहीत, बाप माहीत, पगाराची तारीख माहीत. पण न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने हजार मैलांवरच्या दुकानदाराला कसं ओळखावं? लुईस टॅपनने यातूनच धंदा काढला. १८४१ साली त्याने मर्कंटाइल एजन्सी सुरू केली. गावोगावी वार्ताहर नेमले, बहुतेक वकील. अमुक दुकानदाराची ऐपत किती, दारू पितो का, घरचं कसं आहे, शब्दाचा पक्का आहे का, हे ते लिहून कळवत. ते जाडजूड खतावण्यांत उतरवलं जाई. वर्गणीदार व्यापारी कचेरीत आला की कारकून त्याला ते वाचून दाखवी. पुढे या संस्थेचं नाव आर. जी. डन झालं. एके काळी अब्राहम लिंकनही या एजन्सीचा वार्ताहर होता म्हणतात. तिच्या अडीच हजारांहून अधिक हस्तलिखित खतावण्या हार्वर्डच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत.

हा टॅपन गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. अमिस्टाड जहाजावरच्या आफ्रिकी कैद्यांच्या सुटकेसाठी त्याने जिवाचं रान केलं. माणसाला माणूस म्हणून वागवा म्हणणाऱ्या या गृहस्थानेच माणसांची किंमत वहीत लिहिण्याची पद्धत पाडली, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

ती वही व्यापाऱ्यांची झाली. साध्यासुध्या गिऱ्हाइकांची वही नंतर आली. १८९९ साली अटलांटात वूलफर्ड बंधूंनी रिटेल क्रेडिट कंपनी काढली. कोण बिल वेळेवर देतो आणि कोण नाही, याच्या याद्या ते दुकानदारांना विकत. पुढे विमा कंपन्यांसाठीही त्यांचे लोक चौकशा करू लागले. शेजाऱ्याला विचारायचं, नवरा-बायकोचं पटतं का, घरात दारू असते का, रात्री कोण येतं-जातं. आपल्या चाळीतल्या काकूंना पगार देऊन कामावर ठेवावं तसं! साठच्या दशकाच्या अखेरीस यावर अमेरिकी संसदेत जाहीर सुनावण्या झाल्या, आणि १९७० साली फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट हा कायदा झाला. तुमच्याविषयी वहीत काय लिहिलंय ते जाणून घ्यायचा आणि चूक असेल तर हरकत घ्यायचा हक्क माणसाला मिळाला. कंपनीने १९७५ मध्ये नाव बदलून इक्विफॅक्स केलं. आज अमेरिकेत पतीची नोंद ठेवणाऱ्या ज्या तीन मोठ्या संस्था आहेत, त्यातली ही एक.

कार्डाची गोष्ट याला समांतर चाललेली. १९५० साली डायनर्स क्लब निघाला. आणि १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावात एक अजब प्रयोग केला. साठ हजार कार्डं सरळ टपालाने लोकांच्या घरी पाठवून दिली. अर्ज नाही, चौकशी नाही, कुणी मागितलेली नाहीत. तीनशे-पाचशे डॉलरपर्यंत उधारीची मुभा. बँकेचा हिशेब असा होता की शंभरातले चार लोक थकबाकीदार निघतील. निघाले बावीस! काही कार्डं चोरीला गेली, काहींचा वापर भलत्यांनीच केला. तरी बँकेने धीर सोडला नाही आणि याच कार्डाचं १९७६ मध्ये व्हिसा झालं. मधल्या काळात इतर बँकांनीही अशीच न मागितलेली कार्डं वाटली. एवढा सावळा गोंधळ झाला, की १९७० मध्ये कायद्याने ते बंद करावं लागलं.

म्हणजे मंजुरीचे नियम कशातून जन्मले, तर मंजुरीच नसल्याच्या अनुभवातून.

मंजुरी द्यायची तर निकष हवा. बिल फेअर हा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक हा गणितज्ञ, यांनी १९५६ साली प्रत्येकी चारशे डॉलर घालून एक कंपनी काढली. जुन्या कर्जदारांच्या नोंदींवरून नवा कर्जदार पैसे फेडील की नाही ते गणिताने सांगता येईल, असं त्यांचं म्हणणं. १९५८ मध्ये त्यांनी देशातल्या पन्नास मोठ्या सावकारी कंपन्यांना पत्रं लिहिली. उत्तर एकाच कंपनीचं आलं! आज तीनशे ते साडेआठशेमधला जो फिको स्कोअर तिकडच्या मुलांना आपल्या रक्तगटासारखा पाठ असतो, तो यांचाच. हा सर्वांसाठीचा स्कोअर १९८९ मध्ये आला. त्यात सर्वांत जास्त वजन हप्ते वेळेवर भरण्याला, म्हणजे शंभरातलं पस्तीस. दिलेल्या मर्यादेपैकी किती उधारी वापरली आणि एकूण देणं किती याला तीस, इतिहासाच्या लांबीला पंधरा, नव्या अर्जांना दहा आणि उरलेले दहा कर्जाच्या प्रकारांना. आणि गंमत म्हणजे निदान सहा महिने जुनं खातं असल्याशिवाय हा स्कोअर निघतच नाही. सूनबाईंना कमी गुण पडले नव्हते. त्यांची उत्तरपत्रिकाच तपासली गेली नव्हती.

आता माझ्या मूळ दुखण्याकडे येते. बायकांचं काय?

मला वाटायचं, मिस्टरांची सही ही आपलीच खोड. तसं नाही. १९७२ साली अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय आयोगाने ग्राहककर्जांवर अहवाल दिला, त्यात बायकांच्या तक्रारींचा ढीग आहे. लग्न झालं की बाईचं आधीचं खातं बंद करून नवऱ्याच्या नावाने नवं काढायला लावायचे. जोडप्याच्या उत्पन्नात बायकोचा पगार धरायचेच नाहीत किंवा निम्मा धरायचे, कारण तिला उद्या मूल होईल आणि ती नोकरी सोडेल. घरकर्जासाठी मूल होणार नसल्याचं डॉक्टरचं पत्र मागितल्याचे दाखलेही आहेत. आणि विधवा झालेल्या, घटस्फोट झालेल्या बाईच्या नावावर काहीच इतिहास नसायचा, कारण सगळी बिलं भरली तिने आणि नोंद झाली नवऱ्याची.

हे बदललं १९७४ मध्ये, इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी ॲक्टने. यातला एक किस्सा मला फार आवडतो. लिंडी बॉग्ज नावाच्या लुइझियानाच्या बाई संसदेत होत्या. त्यांचे पतीही संसद सदस्य, १९७२ मध्ये अलास्कात विमानासकट बेपत्ता झाले आणि त्या जागी या निवडून आल्या. विधेयकाचा मसुदा समितीपुढे आला तेव्हा भेदभाव करायचा नाही अशांच्या यादीत स्त्री-पुरुष भेद आणि वैवाहिक स्थिती हे शब्दच नव्हते. बाईंनी ते स्वतःच्या हाताने मसुद्यात लिहिले, शेजारच्या खोलीत जाऊन सर्वांसाठी प्रती काढल्या, आणि सभासदांना वाटत अगदी गोड आवाजात सांगितलं, की हे नजरचुकीने राहून गेलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मुख्याध्यापकांपुढे मी हे तंत्र दोन-तीनदा वापरलंय. तेव्हा लिंडीबाई मला ठाऊक नव्हत्या!

१९७६ मध्ये त्या कायद्यात वंश, धर्म, मूळ देश, वय यांची भर पडली. आणि आणखी एक गोष्ट आली: नकार दिलात तर कारण सांगा. तीस दिवसांच्या आत अर्जदाराला कळवायचं आणि नेमकी कारणं द्यायची किंवा ती मागण्याचा त्याला हक्क आहे हे कळवायचं. कारणं चारपेक्षा जास्त दिली तर माणसाला त्यांचा उपयोग होत नाही, असंही त्या नियमांच्या सरकारी भाष्यात आहे. फ्रिजवरचं ते पत्र म्हणजे हेच. संगणकाने छापलेलं, कोरडं, पण ते लिहिणं बँकेला भाग होतं. चिटणिसांचं "आपली एक पद्धत आहे" हे कारण त्या कागदावर चाललं नसतं. (आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत कार्डाचा अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवायला सांगितलं आहे. नात्यातल्या मुलांनी लक्षात ठेवावं, आणि मागावं.)

मग पॉइंटांचं खूळ कुठून आलं? १९८६ मध्ये डिस्कव्हर कार्डाने खर्चाचा थोडा भाग रोख परत द्यायला सुरुवात केली. १९८७ मध्ये सिटी बँकेने अमेरिकन एअरलाइन्सबरोबर मैल देणारं कार्ड काढलं. पैसा कुठला? बराचसा दुकानदाराकडून कापून घेतलेल्या फीचा, आणि जे बिल पूर्ण भरत नाहीत त्यांच्या व्याजाचा. वेळेवर भरणारा हुशार माणूस फुकट विमानात बसतो आणि त्याचं तिकीट कुणा नडलेल्याच्या व्याजातून निघतं. मुलाला हे म्हटलं तर तो म्हणाला, आई, तू सुट्टीवर आहेस ना?

लोकांनी मात्र डोकी चालवली. २००८ मध्ये अमेरिकी टांकसाळीने एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून ती दर्शनी किमतीला, टपालखर्च न घेता घरपोच द्यायला सुरुवात केली. झालं! लोकांनी कार्डावर हजारो डॉलरची नाणी मागवली, खोके न फोडता बँकेत भरले, त्यातून कार्डाचं बिल भागवलं, आणि मैल खिशात. २०११ मध्ये टांकसाळीने कार्ड घेणंच बंद केलं. कार्डं घ्यायची, बोनस काढायचा, कार्ड सोडून द्यायचं, पुन्हा नवं घ्यायचं, याला तिकडे चर्निंग म्हणतात, म्हणजे घुसळण. लोणी आपल्याला, ताक बँकेला.

बँका कशाला ऐकताहेत! २०१५ च्या सुमारास चेस बँकेचा पाच-चोवीसचा नियम चर्चेत आला. गेल्या चोवीस महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच कार्डं घेतली असतील, तर आमचं नवं मिळणार नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये याच बँकेने सफायर रिझर्व्ह नावाचं कार्ड एक लाख पॉइंटांच्या बोनससह काढलं, तेव्हा एवढी झुंबड उडाली की ज्या धातूचं ते बनवायचे तो धातू कमी पडला! अमेरिकन एक्सप्रेस एका कार्डाचा बोनस साधारण जन्मात एकदाच देते, आणि ते तरी अटींत लिहिलेलं असतं. सिटीने २०२३ मध्ये आपली मुदत चोवीस महिन्यांवरून अठ्ठेचाळीसवर नेली. बँक ऑफ अमेरिकेचा दोन-तीन-चार म्हणून एक हिशेब सांगतात: दोन महिन्यांत दोन, वर्षात तीन, दोन वर्षांत चार. यातले बरेचसे नियम कुठे छापलेले नाहीत. नकार मिळालेल्या लोकांनी आपापली पत्रं एकमेकांच्या पत्रांशी ताडून ते शोधून काढले. मोडी कागदांवरून वतनाचे नियम शोधावेत, तसं.

मला यात खटकतं ते असं. हे नियम लोणी काढणाऱ्यांसाठी केलेले. चिरंजीवांना अडवलं तर ठीकच झालं, एकदा खाल्लंय त्याने. पण सूनबाईंनी आजवर कुठल्याच बँकेचं लोणी खाल्लेलं नाही. तिला जो नकार मिळाला तो फार जुन्या वहीतला होता: आम्ही तुला ओळखत नाही.

आता त्या शून्याविषयी. याचाही एक इतिहास आहे. २००९ च्या कार्ड कायद्याने बँकांना सांगितलं, फेडायची ऐपत पाहिल्याशिवाय कार्ड देऊ नका. हेतू चांगला. पण २०११ मध्ये त्याच्या अंमलबजावणीच्या नियमात अर्जदाराचं 'स्वतंत्र' उत्पन्न पाहायला सांगितलं, आणि घर सांभाळणाऱ्या बायकांचे अर्ज पडायला लागले. चाळीस वर्षं मागे! ओरड झाली तेव्हा २०१३ मध्ये नियम सुधारला. एकवीस वर्षांवरच्या माणसाला ज्या उत्पन्नावर त्याचा रास्त हात पोचतो, उदाहरणार्थ जोडीदाराचा पगार, तो अर्जात धरता येतो. म्हणजे सूनबाईंनी शून्य लिहायची गरजच नव्हती. दोघांचं खातं एकत्र, त्यातूनच ती घरभाडं आणि बिलं भरत होती.

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे परत ह्याच्याच जिवावर ना?"

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "तो ऑफिसला जातो तो तू घर सांभाळतेस म्हणूनच ना? मग त्यातला तुझा वाटा लिही." ते तिला पटलं की नाही कोण जाणे. पण पत्रावरच्या नंबरवर तिने फोन केला. पलीकडच्या बाई बोलायला चांगल्या होत्या. उत्पन्नाचा आकडा त्यांनी दुरुस्त करून घेतला आणि फाइल पुन्हा पाहिली. तरी उत्तर नाहीच. इतिहास नाही त्याला त्या काय करणार?

चिरंजीव म्हणाले, माझ्या कार्डावर तुझं नाव घालतो, म्हणजे माझा इतिहास तुला लागेल. तिने ते नको म्हटलं. पुण्याच्या नोकरीतले तिचे पैसे शिल्लक होते, त्यातले पाचशे डॉलर दुसऱ्या एका बँकेत अनामत ठेवून तिने तेवढ्याच मर्यादेचं तारणावरचं कार्ड घेतलं. पॉइंट शून्य. मी तिथे होते तोवर दर आठवड्याला त्यावर भाजी आणि दूध यायचं आणि महिनाअखेर पै न पै भरली जायची. मला माझ्या वाण्याची वही आठवायची.

२०१९ मध्ये वाचलं की अमेरिकन एक्सप्रेसने भारतासकट काही देशांतला जुना पत-इतिहास नव्याने आलेल्यांच्या अर्जात पाहायला सुरुवात केली आहे. सूनबाईंना कळवलं. ती म्हणाली, उशीर झाला आई, आता माझा इथलाच झालाय. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास तिला नोकरी लागली, आणि ज्या बँकेने नकार दिला होता तिथेच तिने पुन्हा अर्ज केला. या वेळी फोन करावा लागला नाही.

आमची तिकिटं त्या पॉइंटांवर निघाली ती एप्रिल २०२० ची! पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. विमानं बंद झाली, पॉइंट खात्यात परत आले आणि तिथेच पडून राहिले. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात तीच त्यांच्यावर एकटी पुण्याला येऊन गेली, तीन आठवडे, तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी.